कोबिल्डचा फ्रेझल व्हर्ब्जचा शब्दकोश : निर्यात विभागाच्या टेबलावरून

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी गेली अठरा वर्षे निर्यातीचा पत्रव्यवहार सांभाळतो. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले आणि ते जवळजवळ सगळे काळांच्या तक्त्यांतून व भाषांतराच्या वाक्यांतून माझ्यापर्यंत पोहोचले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका इंग्रज ग्राहकाने कळवले की चाचणीची पहिली ऑर्डर त्यांना ‘पुट ऑफ’ करावी लागत आहे. ‘ऑफ’ म्हणजे बंद, एवढे मला ठाऊक होते. दिवा ऑफ, पंखा ऑफ, तशी ही ऑर्डरही ऑफ, असे मी धरून चाललो आणि मोल्डिंगच्या सुपरवायझरना तसे सांगितले. “म्हणजे साहेब, ती ऑर्डर गेलीच म्हणायची की!” ते म्हणाले, आणि मी मान हलवली. ज्याच्यावरून वाळूचा साचा करतात तो पॅटर्न पुसून रॅकवर गेला, लाइनवरची त्याची वेळ दुसऱ्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, मिळाली. चार आठवड्यांनी त्याच ग्राहकाने अगदी सहज विचारले, की आता आमची अडचण दूर झाली आहे, नमुने कधी निघतील? त्याने ऑर्डर पुढे ढकलली होती. रद्द करायची असती तर त्याने ‘कॉल ऑफ’ लिहिले असते.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हती, हे मला आजही आवर्जून सांगावेसे वाटते, कारण त्याआधीच्या वर्षी मी पैसे भरून, रोज संध्याकाळी बस पकडून शहरातल्या एका इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला गेलो होतो. तिथे आम्हाला पाचशे फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ असे छोटे अव्यय जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या क्रियापदांची, झेरॉक्स यादी मिळाली होती: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. रोज वीस पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायची. ‘पुट ऑफ’ त्या यादीत होते, ‘कॉल ऑफ’ही होते, आणि दोन्हींसमोर ‘थांबवणे’ असे छापलेले होते. यादी कोणी आणि कशावरून केली, हे विचारण्याइतके धैर्य आमच्यापैकी कोणातच नव्हते.

त्या प्रसंगानंतर पुण्याला गेलो असता अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात मला ‘कॉलिन्स कोबिल्ड डिक्शनरी ऑफ फ्रेझल व्हर्ब्ज’ मिळाली. प्रत 1989 सालची, म्हणजे पहिल्या आवृत्तीची होती आणि तिचा कणा सैल झालेला होता. तिला खाकी कव्हर घालून मी ती टेबलावर ठेवली, आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. बाजारात तिच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत, तरी हे परीक्षण मी या जुन्या प्रतीच्या आधाराने लिहितो आहे, कारण रोजच्या कामात मी तिलाच पारखले आहे.

या शब्दकोशामागचे काम बर्मिंगहॅम विद्यापीठातले. जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तिथे छापील आणि बोली इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात भरला गेला, आणि लोक शब्द प्रत्यक्षात कसे वापरतात हे त्या साठ्यात पाहून अर्थ लिहिण्याची पद्धत घडवली गेली. 1987 मध्ये याच पद्धतीचा पहिला मोठा शब्दकोश निघाला आणि दोन वर्षांनी फ्रेझल व्हर्ब्जचा हा स्वतंत्र खंड आला. शब्दकोशकाराने आपल्या मनाने रचलेली उदाहरणे आणि कोणीतरी खरोखर लिहिलेली किंवा बोललेली वाक्ये यांत काय अंतर असते, हे मला या पुस्तकाने शिकवले. रचलेल्या वाक्यात राम आंबा खातो. खऱ्या वाक्यात कोणीतरी दंतवैद्याकडे जाणे आठवडेच्या आठवडे पुढे ढकलत असतो, आणि ‘पुट ऑफ’मध्ये जी थोडीशी टाळाटाळ लपलेली असते ती तिथे आपोआप दिसते.

मात्र या शब्दकोशाचा खरा गुण अर्थ सांगण्याच्या त्याच्या रीतीत आहे. इतर कोशांत क्रियापदासमोर दुसरे क्रियापद ठेवलेले असते. इथे अर्थ पूर्ण वाक्यात येतो, आणि ते वाक्य ‘तुम्ही एखादी गोष्ट पुट ऑफ केलीत, तर...’ अशा धाटणीने सुरू होते. ही रीत वरवर बाळबोध वाटते. पण त्या एका वाक्यात कर्ता कोण असतो, कर्म माणूस असते की वस्तू, आणि दोन्हींच्या मध्ये तो शब्द कसा बसतो, हे सारे न सांगता सांगून होते. तुम्ही ‘गोष्ट’ पुट ऑफ केलीत तर ती पुढे ढकलता, पण एखादी गोष्ट ‘तुम्हाला’ पुट ऑफ करते तेव्हा तुमचे मन तिच्यावरून उडते. क्रियापद तेच, अव्यय तेच. कर्त्या-कर्माच्या जागा बदलल्या की अर्थ फिरला. पाचशेच्या यादीत ही गोष्ट मावणे शक्यच नव्हते.

याहून बारीक उदाहरण ‘फाइंड आउट’चे आहे, आणि मराठी माणसाने ते नीट पाहावे असे मला मनापासून वाटते. आपण ‘शोधून काढणे’ म्हणतो आणि त्यात किल्लीही येते, सत्यही येते. म्हणून आपल्याकडचा माणूस बिनदिक्कत म्हणतो, ‘आय फाउंड आउट माय कीज’. इंग्रजीत किल्ली नुसती ‘फाइंड’ होते. ‘फाइंड आउट’ होते ती माहिती, ती हकिगत, कोणी काय केले ते. माझ्या हाताखालच्या एका मुलाने हरवलेल्या ड्रॉइंगबद्दल ग्राहकाला असेच लिहिले होते, की आम्ही तुमचे ड्रॉइंग ‘फाउंड आउट’ केले. मी त्याला व्याकरणाचा नियम सांगितला नाही. या कोशाचे पान उघडून दिले आणि उदाहरणे मोठ्याने वाचायला सांगितली. एकाही वाक्यात हाताने उचलता येईल अशी वस्तू सापडलेली नव्हती, हे त्याचे त्यालाच दिसले.

इंग्रजीचा हा भाग परक्या माणसाला अवघड जातो, ही गोष्ट नवी नाही. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे, की क्रियापदापुढे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत आमच्या भाषेत फार आहे आणि परकीयांची सर्वांत मोठी अडचण तिथेच होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 1925 मध्ये ते आपल्या पुस्तकात वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे नमूद केले.

आता या पुस्तकाच्या मला सर्वांत प्रिय असलेल्या भागाकडे येतो. अव्ययांची सूची नावाचा एक विभाग इथे आहे. त्यात ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘अवे’, ‘थ्रू’ अशा एकेका छोट्या शब्दाचे स्वतःचे अर्थ गटवार मांडले आहेत आणि प्रत्येक गटाखाली त्या अर्थाने वापरली जाणारी क्रियापदे एकत्र दिली आहेत. ‘अप’खाली वर जाणे आहे, वाढणे आहे, आणि काम पुरते संपवणेही आहे: ‘ईट अप’, ‘यूज अप’. ‘अवे’खाली दूर जाण्याबरोबरच एखादे काम न थांबता करत राहण्याचा अर्थ आहे. ‘अराउंड’खाली नुसते बसून राहणे, उगाच रेंगाळणे आहे. हे वाचेपर्यंत मी क्रियापदाकडे पाहत होतो आणि पुढचा शब्द त्याची शेपटी मानत होतो. वजन पुष्कळदा त्या शेपटीतच असते.

हे कळल्यावर मला आपल्याच भाषेची आठवण झाली. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक काय, हे कोल्हापुरातल्या तीन वर्षांच्या पोराला कोणी शिकवत नाही. ‘खाऊन टाक’मध्ये ताट रिकामे करून विषय संपवण्याची घाई आहे, ‘खाऊन घे’मध्ये तुझ्या भल्याचे, पुढे वेळ मिळणार नाही असे काहीतरी आहे, ‘खाऊन बसला’मध्ये करू नये ते केल्याचा दोष आहे. धातू एकच आणि सारा रंग मागून येणाऱ्या क्रियापदाचा. ‘काढणे’ तर कित्येकदा ‘आउट’चे काम थेट करते: लिहून काढ म्हणजे ‘राइट आउट’, हुसकून काढ म्हणजे ‘ड्राइव्ह आउट’, निवडून काढ म्हणजे ‘पिक आउट’. ही जोडी सगळीकडे जुळत नाही. ‘वाचून काढ’ला ‘रीड थ्रू’ लागते आणि किल्लीची गोष्ट वर सांगितलीच आहे. तरीसुद्धा मागच्या छोट्या शब्दाने मूळ क्रियेला वळण देण्याची सवय आपल्या कानाला उपजत आहे. फ्रेझल व्हर्ब्ज मराठी मुलांना परक्या ग्रहावरून आल्यासारखी शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि कारखान्यात तर ही क्रियापदे इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी असतात. ‘मशीन ब्रेकडाउनला गेलंय’, ‘सेटअपला अर्धा तास लागंल’, ‘नॉकआउट झालं का?’ ही आमच्या शेडमधली रोजची भाषा. ‘नॉकआउट’ म्हणजे थंड झालेले कास्टिंग साच्यातल्या वाळूतून मोकळे करणे. ‘रनआउट’ म्हणजे मोल्डच्या जोडातून वितळलेले लोखंड बाहेर वाहून जाणे. तो शब्द ऐकला की माणसे मागे सरतात. नव्या प्रशिक्षणार्थींना मी हाच ‘रनआउट’ घेऊन शिकवतो. आधी धातू साच्यातून बाहेर वाहिला. मग गोदामातले रेझिन संपले, तेव्हा ग्राहकाला आपण ‘वुई हॅव रन आउट ऑफ रेझिन’ लिहितो, म्हणजे साठाही जणू वाहून गेला. क्रिकेटमधला धावबाद तर त्यांना आधीच माहीत असतो. तिन्हींमध्ये ‘आउट’ बाहेरच नेतो. एकदा हे डोळ्यांसमोर उभे राहिले की सूचीतला ‘आउट’चा विभाग ती मुले आपणहून वाचतात.

कर्म कुठे ठेवायचे, याचीही नोंद कोश प्रत्येक क्रियापदापाशी करतो, आणि पत्रव्यवहारात याचा उपयोग मला रोज होतो. ‘सेंड बॅक द ड्रॉइंग’ चालते, ‘सेंड द ड्रॉइंग बॅक’ही चालते, पण ड्रॉइंगच्या जागी ‘इट’ आला की ‘सेंड इट बॅक’ एवढेच बरोबर, ‘सेंड बॅक इट’ चूक. याचे कारण मला जसे समजले तसे सांगतो. इंग्रजी वाक्यात नवी, वजनदार गोष्ट शेवटी बसते. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली, हलकी गोष्ट. तिला शेवटच्या मानाच्या जागेवर बसवले की कानाला खटकते. उलट ‘लुक आफ्टर’ किंवा ‘लुक इन्टू’मध्ये दोन शब्दांची फारकत होतच नाही. तिथे ‘आफ्टर’ आणि ‘इन्टू’ हे आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखे पुढच्या नामाला धरून असतात, म्हणून ‘लुक इन्टू इट’ हेच योग्य.

‘लुक इन्टू’वरून ग्राहकाशी बोलण्याच्या सुराबद्दल लिहिणे भाग आहे. शाळेत आम्ही ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’ असे लॅटिन घराण्याचे एकेरी शब्द शिकलो आणि तेच लिहीत राहिलो. ते चूक नाहीत. पण कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, सापडल्याची तक्रार आली आणि मी ‘वुई आर इन्व्हेस्टिगेटिंग’ असे लिहिले, की एखादी चौकशी समिती बसल्यासारखे वाटते. ‘वुई आर लुकिंग इन्टू इट’ म्हटले की माणूस कामाला लागल्याचे कळते. दुसरीकडे प्रत्येक ठिकाणी फ्रेझल व्हर्ब घुसडणेही बरे नाही. कास्टिंग ‘रिजेक्ट’च होते, कोटेशन ‘टर्न डाउन’ होते. ही तारतम्याची जाण कोशातल्या उदाहरणांच्या शेजारावरून येते: तो शब्द कोणत्या इतर शब्दांच्या संगतीत वावरतो, हे पाहत गेले की हळूहळू कान तयार होतो.

उणिवा आहेत, आणि त्या लपवण्याचे कारण नाही. अर्थ इंग्रजीतून असल्यामुळे ज्याचे साधे वाक्यही अजून अडखळते त्याला हे पुस्तक हातात देऊ नये. तो दोन पानांत थकेल. 1989च्या प्रतीत मोबाइलवरचे आणि ऑनलाइन बैठकांमधले नवे प्रयोग शोधण्यात अर्थ नाही, त्यासाठी नवी आवृत्तीच घ्यावी. बोलताना आघात कुठे द्यायचा हे पुस्तकाने कितीही सांगितले तरी कानानेच शिकावे लागते. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर येतो आणि आपण तो सवयीने ‘टर्न’वर देतो. व्यापारातले काही अर्थ मला कोशाने नव्हे, ग्राहकाच्या करारांनी शिकवले. ज्या ‘कॉल ऑफ’ने ऑर्डर रद्द होते, त्याच्याच रूपातली ‘कॉल-ऑफ ऑर्डर’ ब्रिटिश खरेदी विभागात नेमकी उलटी असते: वर्षभराच्या ठरलेल्या मालातून अमुक इतके नग आता पाठवा, असे सांगणारी. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा जुन्या प्रसंगाच्या आठवणीने मी ग्राहकाला फोन करून खात्री करून घेतली होती.

कोशाचा पाया ब्रिटिश वापराचा आहे, त्यामुळे आपल्या इंग्रजीच्या वाटा इथे सापडण्याची अपेक्षा धरू नये. त्या स्वतः शेजारी लिहाव्या लागतात. आपण बसमधून ‘गेट डाउन’ होतो, कारण आपण उतरतो आणि उतरणे म्हणजे खाली येणे. इंग्रज माणूस बसमधून ‘गेट ऑफ’ होतो आणि मोटारीतून ‘गेट आउट’. आपण फॉर्म ‘फिल अप’ करतो, ते ‘फिल इन’ करतात आणि अमेरिकेत ‘फिल आउट’. आपण अडचणींशी ‘कोप अप’ करतो, तिथे ‘अप’ला जागाच नाही. कॉलेजातून ‘पास आउट’ झालो असे आपण अभिमानाने लिहितो, आणि वाचणाऱ्या इंग्रजाला आधी आपण बेशुद्ध पडल्याचे वाटते. यातल्या शेवटच्या प्रयोगाबद्दल मी आपल्या लोकांची बाजू घेईन. लष्करी शिक्षण पुरे करून बाहेर पडणे या अर्थाने ‘पास आउट’ ब्रिटिशांच्याच इंग्रजीत आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली ‘पासिंग आउट परेड’ दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. तिथून तो शब्द अभियांत्रिकी महाविद्यालयात आला, यात हसण्यासारखे काही नाही. परदेशी पत्रात मात्र ‘ग्रॅज्युएट’ लिहावे.

हा कोश कोणी घ्यावा? ज्याला इंग्रजी वाचता येते, रोज लिहावे लागते आणि आपण लिहिलेले बरोबर असूनही कुठेतरी ताठ वाटते अशी ज्याची तक्रार आहे, त्याने जरूर घ्यावा: निर्यात विभागातले, बँकेतले, भाषांतराचे काम करणारे, परदेशी जाणाऱ्या परिचारिका. दहावीच्या मुलाला परीक्षेपुरता तो नको. विकत घेतल्यावर पहिल्या पानापासून वाचू नये. आधी अव्ययांची सूची उघडावी, त्यातला ‘अप’ किंवा ‘आउट’ निवडावा आणि त्या आठवड्यात आलेल्या पत्रांत तो कुठे भेटतो ते पाहावे. भेटला की ते वाक्य पूर्णच उतरून घ्यावे. नुसते क्रियापद लिहिले तर पुन्हा पाचशेची यादीच तयार होईल. माझ्या प्रतीच्या समासात अशी वाक्ये पेन्सिलने लिहिलेली आहेत, आणि ‘पुट ऑफ’च्या शेजारी त्या इंग्रज ग्राहकाचे वाक्य आहे, तारखेसह. त्या ऑर्डरचे नमुने सहा आठवडे उशिरा गेले. ग्राहकाने ते स्वीकारले, आणि तो पॅटर्न आजही आमच्या लाइनवर चालू आहे.